मदत हवी आहे: शिजियाझुआंगला (चीन) ऑडिट, कलीगच्या घरी जेवण आणि डॉ. कोटणीसांची समाधी

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका औषध कंपनीत क्यूएला (गुणवत्ता तपासणी) आहे, मूळचा सोलापूरचा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदाच चीनला चाललोय, तेही थेट शिजियाझुआंगला. बीजिंगच्या खाली साधारण २८० किमी, हबेई प्रांताची राजधानी. फार्मावाल्यांना गाव माहीत असेल, १९५८ पासून तिथे पेनिसिलिन बनतंय, आमचे तिन्ही एपीआय (औषधाचा मूळ घटक) व्हेंडर तिथलेच आहेत.

आमच्या शांघाय ऑफिसमधे सोर्सिंग बघणारी कलीग याच गावची, त्यामुळे दुभाषी म्हणून तीच सोबत असणार. रविवारी रात्री बीजिंग, सोमवारी पहाटेची फास्ट ट्रेन, सव्वा-दीड तासात पोचलो की स्टेशनवरूनच पहिल्या प्लांटला. सोम, मंगळ, बुध रोज एक प्लांट आणि प्लांट सगळे गावाबाहेर, संध्याकाळी हॉटेलवर येऊन ऑब्झर्वेशन्स टाईप करायची. बुधवारी ऑडिट संपलं की तिच्या आईवडिलांनी घरी जेवायला बोलावलंय आणि गुरुवारी दुपारी एकची परतीची ट्रेन. म्हणजे माझ्या हातात फक्त गुरुवारची सकाळ आहे.

ती सकाळ मला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीसाठी हवी आहे. आमची आई सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी-स्मारकात कितीदा तरी जाऊन आलीये. शिजियाझुआंग म्हटल्यावर तिने एकच सांगितलं, माझ्या नावाने फूल वाहून ये. १९३८ ला चीन-जपान युद्धातल्या जखमींसाठी पाच डॉक्टर भारतातून चीनला गेले, त्यातले कोटणीस तिथेच राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्याने गेले, वय अवघं ३२. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलेलं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मुलगा तेव्हा काही महिन्यांचाच होता. हे आईकडून ऐकताना दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

कलीगला मी आधी कोटणीस म्हणून विचारलं तर तिला काही बोध होईना, मग 'ख दीहुआ' म्हटलं, त्यांचं चिनी नाव, तर ती फोनवर एकदम ओरडलीच. तिच्या बाबांना शाळेत होता म्हणे धडा. तेव्हापासून तिच्या घरी मी 'ख दीहुआंच्या गावचा माणूस' झालोय, त्यामुळे या जेवणाचं मला ऑडिटपेक्षा जास्त टेन्शन आलंय.

तर प्रश्न असे आहेत.

समाधीपर्यंत टॅक्सीशिवाय जाता येईल का, कारण कलीगला गुरुवारी सकाळी दुसरं काम आहे आणि मला चिनी वाचता येत नाही. फुलं कुठली न्यायची?

भेट म्हणून सोलापुरी चादर नेतोय, चालेल ना? घड्याळ देऊ नका एवढं तिने स्वतःच सांगितलंय. रंगाचं काही असतं का?

जेवणाचं काय करू? मी चिकन, मासे खातो पण पोर्क, बीफ नाही आणि दारू अजिबात नाही. तिकडे गाढवाच्या मांसाची रोटी फेमस आहे असं वाचलं, नाही कसं म्हणायचं की त्यांना वाईट वाटणार नाही?

शिवाय पैसे. कॅश चालते का अलीपेच (तिथलं मोबाईल पेमेंट ॲप) लागतं?

उनाड_पाखरू: मी थ्यॅन्जिनला तीन वर्षं होते, शिजियाझुआंगला दोनदा गेलेय. टॅक्सी लागणारच नाही, मेट्रो लाईन १ ला 'लिएशी लिंगयुआन' नावाचं स्टेशनच आहे, म्हणजे शहीद स्मारक, समाधी तिथेच आहे. कलीगकडून हे नाव चिनीत लिहून घ्या आणि कुणालाही दाखवा. डॉ. बेथून (कोटणीसांसारखेच चीनमधे सेवा करताना गेलेले कॅनडाचे डॉक्टर) यांची समाधी पण त्याच आवारात आहे. आणि त्याच्या पुढचं स्टेशन 'हफिंग यीयुआन', म्हणजे कोटणीस ज्याचे पहिले डायरेक्टर होते ते बेथून हॉस्पिटल, वेळ उरला तर बाहेरून तरी बघा. फुलं शेवंतीची न्या, पांढरी किंवा पिवळी. पण आदल्या दिवशी घेऊन कलीगच्या घरी नेऊ नका हां, तिकडे ती मयताचीच समजतात.

चहावाला_इंजिनियर: अलीपेला आपलं व्हिसा/मास्टरकार्ड जोडता येतं, पासपोर्ट व्हेरिफिकेशन इथूनच करून जा, ओटीपीसाठी सिमला रोमिंग चालू ठेवा. यूपीआय विसरा. थोडी कॅश असू द्या. व्हॉट्सॲप, गूगल तिथल्या वायफायवर उघडत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं, आईला फोटो त्यावरून पाठवा. ट्रेनच्या गेटला पासपोर्ट हातात ठेवा, बऱ्याच ठिकाणी परदेशी लोकांना माणूस बसलेल्या खिडकीतून जावं लागतं, अर्धा तास जादा धरा.

उनाड_पाखरू: चादर मस्तच! लाल घ्या, पांढरी नको. दोन्ही हातांनी द्या. तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, रीत आहे. खाण्याचं कलीगला आत्ताच सांगा, ताटावर बसल्यावर नाही. उत्तरेत पाहुण्याला निरोप देताना ज्याओत्झ (मोमोसारखे) करतात, कांद्याच्या पातीसारखी एक भाजी असते तिचं नि अंड्याचं सारण घाला म्हणावं. दारूच्या जागी चहाचा कप उचलला तरी चालतं, फक्त मोठ्यांच्या कपापेक्षा आपला कप थोडा खाली धरायचा. आणि तिच्या आईला 'आयी' म्हणा, म्हणजे मावशी. बाबांना 'शूशू'.

धागाकर्ता: खूप खूप आभार दोघांचे! 'आयी' ऐकून आमच्या आईला इतका आनंद झाला. ती उद्याच सोलापुरात लाल चादर बघायला जातेय, दोन घे म्हणाली, एक आयींना आणि एक कलीगला. कलीगला जेवणाचं आत्ताच मेसेज केला, तिचं उत्तर आलं की बाबा गुरुवारी सकाळी माझ्यासोबत समाधीला येतो म्हणतायत.