प्रतिसाद: डच अग्निसुरक्षा पदनामं इंग्रजीत

डच पदनामांना इंग्रजी शब्द शोधायच्या या चर्चेत 'बेद्रैफ्सहुल्पफरलेनर'साठी (कंपनीतला आपत्कालीन मदतनीस) कुणी 'फायर वॉर्डन' (आगीच्या वेळी लोकांना बाहेर काढणारा) सुचवलंय, ते मला अजिबात पटत नाही. डच कामगार सुरक्षा कायद्यानुसार या माणसाकडे प्रथमोपचार, आग आटोक्यात ठेवणं आणि लोकांना बाहेर काढणं अशी तिन्ही कामं असतात, तीही मूळ नोकरी सांभाळून. 'वॉर्डन' म्हटलं की प्रथमोपचार गळतात. 'इन-हाउस इमर्जन्सी रिस्पॉन्डर' बरं.

'बेद्रैफ्सब्रांटवेर' वेगळं प्रकरण आहे: कारखान्याचं स्वतःचं अग्निशमन दल. धोका मोठा असेल तर तिथलं प्रादेशिक सुरक्षा मंडळ ते सक्तीचं करू शकतं. त्यातल्या तुकडीचा प्रमुख तो 'बेफेलफूर्डर'. ब्रिटिश वाचकाला 'क्रू कमांडर' कळेल.

'फायर मार्शल' मात्र कृपा करून टाळा. ब्रिटनमध्ये तो मजला रिकामा करून घेणारा कर्मचारी, अमेरिकेत चक्क सरकारी अधिकारी. सुरक्षा-पुस्तिकेत असा घोळ राहिला तर ऐन वेळी चुकीच्या माणसाला फोन जाईल.

रिफायनरीत वेल्डिंग चालू असताना पाण्याचा पाइप तयार ठेवून ठिणग्यांवर नजर ठेवणारा 'ब्रांटवाख्त' सरळ 'फायर वॉच'. टाकीच्या तोंडाशी उभा राहून आतल्यांवर लक्ष ठेवणारा 'मानखातवाख्त' म्हणजे 'होल वॉच'.