सिस्मिकमध्ये उंचवटा दिसला की तेल पक्कं?

विहीरवाला: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "इजिप्तला २०१५ मध्ये समुद्रात झोहर हा वायूसाठा सापडतो, आपण कोकण-केरळच्या समुद्रात कोरड्या विहिरी खणतो. सिस्मिक असून नापास म्हणजे नालायकपणा." अहो, सिस्मिकमध्ये, म्हणजे लहरी खाली सोडून त्यांच्या प्रतिध्वनीतून काढलेल्या चित्रात, तेल नाही, आकार दिसतो. गाडलेला चुनखडीचा प्लॅटफॉर्म असेल तर माथ्याचा रिफ्लेक्टर (लहर परतवणारी रेषा) ठळक, गाळाचे थर बाजूंना येऊन टेकलेले, खालच्या रेषा उगाच वर उचललेल्या, कारण चुनखडीत लहर जोरात पळते. गाडलेला ज्वालामुखीही बऱ्याचदा अस्साच दिसतो. झोहरच्या भागात आधी शेल कंपनी होती, सोडून गेली. तीही नालायक?

पोस्टवाला: मीच तो. मुंबई हायचा उंचवटा रशियन जहाजाने साठच्या दशकात टिपला, १९७४ ला 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधून काढलं. चुनखडीतूनच. तेव्हा थ्रीडी सिस्मिक होतं का?

विहीरवाला: मुंबई हायला बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा खडक, चुनखडीच्या खाली आहे. कोकण-केरळच्या खोल पाण्यात जुने थर शोधायचे तर बसाल्टच्या खाली बघावं लागतं. लहरी वरच विखुरतात, खालचं चित्र गढूळ.

डोलवाला: चित्र राहू दे बाजूला. सर्व्हेचं जहाज मागे कित्येक किलोमीटर लांब केबली ओढतं, आणि गार्ड बोटवाला ऐन हंगामात आम्हाला हाकलतो. गेल्या साली आमच्या भावाची डोल जाळी तोडून नेली. भरपाईला गेलो तर म्हणे पुरावा आणा. जाळं समुद्रात, पुरावा कुठून आणू?

पोस्टवाला: मग पावसाळ्यात करा ना सर्व्हे. जून-जुलै तुमची बंदीच असते.

विहीरवाला: खवळलेल्या समुद्रात केबलीतल्या हायड्रोफोनला (पाण्याखालच्या माईकला) लाटांखेरीज काय ऐकू येणार?

डोलवाला: म्हणजे शांत समुद्र तुमचा, वादळ आमचं!

रत्नांग्री: मासे संपवले पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि दिवे लावून मासे ओढणाऱ्या एलईडीवाल्यांनी. सर्व्हेत लहरी सोडणाऱ्या एअरगनच्या नावाने बोंब कशाला?

डोलवाला: एलईडीवाल्यांची वकिली करू नको, तुझ्या बंदरातच उभे असतात ते! एअरगनचं मी बोललोच नाही, जाळ्याचं बोललो. नीट वाच आधी.

रत्नांग्री: वाचलं. जाळ्याचे पैसे मिळायलाच हवेत, त्यात वाद नाही. एलईडीवर मात्र मी मागे हटणार नाही.

विहीरवाला: धागा चुनखडीचा आहे, मंडळी.

पोस्टवाला: बरं बाबा, बसाल्टचं मान्य. नालायकपणा मागे घेतो, ज्वालामुखीवर विहीर मारेपर्यंत. पण भरपाईचं कोण बघतं, ते सांगा की साहेब.