छोट्या संस्थेने राज्य सरकारच्या धोरणात बदल मागायचा तर सुरुवात कुठून करायची?

पायवाट:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमची छोटी संस्था आहे, आम्ही सहा जणी आणि तीन तालुके. एकल आया, आजी-आजोबांकडे वाढणारी नातवंडं, कमावतं माणूस अंथरुणाला खिळलंय अशी घरं, त्यांच्यासोबत काम करतो. म्हणजे रोजचं काम काय तर दाखले जमवून देणं, बालसंगोपनचे (आई-वडिलांचा आधार नसलेल्या मुलांना दरमहा पैसे देणारी राज्याची योजना) फॉर्म भरणं, मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे सोबत जाणं, मुलाचं खातं उघडून देणं.

आता एक आजी आहेत, नात सातवीत. मुलगा चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो परत आला नाही, सून दुसऱ्या घरी गेली. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, या घरात तेवढ्यात मुलीची शाळा आणि आजींचं औषध दोन्ही निघेल. फाईल तयार आहे, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, घरासमोर उभं राहून आजी-नातीचा फोटो, सगळं. पण टेबलावर विचारतात वडिलांचा मृत्यूचा दाखला कुठाय. अहो मेलाय की जिवंत आहे हेच माहीत नाही तर दाखला कुठून आणायचा? आजी दर वेळी तीच पिशवी घेऊन येतात, तेच कागद परत घडी घालून नेतात. अशी आमच्याकडे आत्ता अकरा घरं आहेत.

एकेका घरासाठी भांडून भांडून आम्ही दमलो, आता वाटतंय नियमच बदलायला पाहिजे. पण मंत्रालयात जायचं की आमदारांकडे की मोर्चा काढायचा, काहीच कळत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुनी_फाईल:
ताई, मी जिल्ह्याच्या ऑफिसात बरीच वर्षं टेबलावर काम केलंय, आता रिटायर आहे, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो. नियम बदला म्हणायच्या आधी एक बघा की अडलंय नेमकं कुठल्या पायरीवर. कायद्यात अडलंय, जीआरमध्ये म्हणजे शासन निर्णयात अडलंय, महिला व बालविकास आयुक्तालयाच्या परिपत्रकात अडलंय की फक्त त्या टेबलावर अडलंय? चारही ठिकाणची दारं वेगळी आहेत आणि संस्था बहुतेक वेळा चुकीच्या दारात उभ्या राहतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय. निवेदन थेट मुख्यमंत्र्यांना जातं, तिथून विभागाला, विभागातून पुण्याला आयुक्तालयात, तिथून खाली जिल्ह्याला "योग्य ती कार्यवाही करावी" म्हणून, आणि शेवटी ते त्याच टेबलावर येऊन पडतं ज्याच्याबद्दल तक्रार होती.

तुमच्या केसमध्ये, आई-वडिलांचा ठावठिकाणा नाही अशी मुलं बालसंगोपनमध्ये बसतातच. म्हणजे योजना बदलायची गरजच नाही! अडलंय ते कागदाच्या यादीत. यादीत मृत्यूचा दाखला लिहिलाय म्हणून क्लार्क तो मागतो, नसेल तर दुसरं काय चालेल हे त्याला कोणी लेखी दिलेलं नाही आणि लेखी नसताना तो स्वतःच्या जबाबदारीवर सही का करेल, उद्या ऑडिटमध्ये त्यालाच विचारणार. त्याचा राग करू नका, त्याच्या हातात कागद द्या.

मग मागणी एवढीच करा: पालक बेपत्ता असेल तर पोलिसांकडची मिसिंगची नोंद, किंवा तीही नसेल तर गृहचौकशी अहवाल (घरी येऊन केलेल्या चौकशीचा) आणि बालकल्याण समितीचा आदेश पुरेसा धरावा, असं आयुक्तांनी सगळ्या जिल्ह्यांना कळवावं. याला कॅबिनेट लागत नाही, बजेट लागत नाही. रक्कम वाढवा म्हणालात तर फाईल वित्त विभागाकडे जाते आणि मग वर्ष गेलं समजा. मसुदा तुम्हीच लिहून न्या, तीन-चार ओळींचा, शासकीय भाषेत.

रानपाखरू:
वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. फक्त एक भर घालते, अकरा घरं तुमच्यासाठी अकरा माणसं आहेत पण आयुक्तालयात तो आकडा लहान वाटतो, म्हणून आधी मोजा. माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत असा नियम आहे, लांब लिहिलात तर तेवढ्यावरून परत येईल. विचारायचं काय तर मागच्या दोन वर्षांत जिल्ह्यात किती अर्ज आले, किती त्रुटीत काढले (कागद कमी म्हणून परत पाठवले) आणि त्रुटी कुठली. जिल्हानिहाय वेगवेगळे अर्ज. शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांतल्या संस्थांनी तोच अर्ज आपापल्याकडे टाकला तर महिना-दीड महिन्यात तुमच्या हातात सरकारचाच आकडा येतो, त्याला कोण नाही म्हणणार?

आणि स्वतःच्या रजिस्टरचं पण बघा. आम्ही पूर्वी नुसतं "प्रलंबित" लिहायचो. मग एक कॉलम वाढवला, कुठल्या कागदासाठी परत पाठवलं, कुठल्या तारखेला, जाऊन-येऊन भाडं किती गेलं. त्या एका कॉलमने जे काम केलं ते आमच्या आधीच्या पाच निवेदनांनी केलं नव्हतं.

आमदारांकडे जायचं तर वेळ सांभाळून जा. विधिमंडळाची अधिवेशनं तीन, अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न (आमदार सभागृहात मंत्र्यांना विचारतात ते) बरेच आधी द्यावे लागतात, अधिवेशन सुरू झाल्यावर पळत गेलात तर पुष्पगुच्छ आणि फोटो एवढंच होतं. पीएंना एक पानाची टिपणी द्या, मतदारसंघातली किती घरं आहेत ते वरती मोठ्या अक्षरात. नुसता प्रश्न लागला तरी विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे तुम्हाला दाखवता येतं, की बघा सभागृहात तुम्ही असं सांगितलंय.

एकट्याने करू नका हे पण सांगते. कोरोनात नवरा गेलेल्या बायकांसाठी ठिकठिकाणचे कार्यकर्ते आणि संस्था एकत्र आल्या, कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती या नावाने मागे लागल्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मिशन वात्सल्यचा जीआर निघाला, तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या झाल्या. योजना आधीपासूनच होत्या, त्या एका टेबलावर आणा ही मागणी होती. (आता केंद्राच्या योजनेचं नाव पण मिशन वात्सल्यच आहे, तिच्यात महिन्याला ४,००० आणि उत्पन्नाची अट ग्रामीणला वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. निवेदनात कुठलं वात्सल्य म्हणताय ते स्पष्ट लिहा, या गोंधळात फायली फिरलेल्या मी बघितल्यात.)

शांत_समई:
एक भीती विचारायची होती, आमच्या विश्वस्तांना वाटतं की धोरणाबद्दल बोललो तर राजकारण केलं म्हणून ८०जी (देणगीदारांना मिळणारी करसवलत) जाईल, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून नोटीस येईल. आमच्याकडे दर मीटिंगला याच्यावरच गाडी अडते.

जुनी_फाईल:
शांत_समई, अधिकाऱ्याला भेटून नियमातली त्रुटी दाखवणं म्हणजे राजकारण नाही. पक्षाचा प्रचार, उमेदवाराला मदत, त्याच्या स्टेजवर संस्थेचा बॅनर, हे टाळायचं. परदेशी पैसा घेत असाल तर जास्त जपून राहा आणि सीएंना विचारूनच पुढे जा, पण तिथेही सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये म्हटलंय की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संस्था लोकांच्या प्रश्नासाठी आंदोलनाचा मार्ग धरते एवढ्यावरून तिला परदेशी निधी नाकारता येत नाही. विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये ठराव करून घ्या की हे काम संस्थेच्या उद्देशात बसतं आणि प्रोसीडिंगला लिहा. निवडणुकीच्या दिवसांत भेटीगाठी थांबवा.

माहेरवाशीण७:
मी संस्थेतली नाही, मी त्या खुर्चीच्या पलीकडची आहे. माझा नवरा गेल्यावर एका संस्थेने मला मोठ्या मीटिंगला नेलं होतं. माईक हातात दिला आणि सांगा ताई तुमची कहाणी. मी रडले, सगळे हळहळले, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि मला घरी सोडलं. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. खरं तर मला तिथे सांगायचं होतं की खात्यात पैसे चार-पाच महिन्यांनी एकदम येतात आणि शाळेची फी दर महिन्याला असते, म्हणून उधारी होते. ते कुणी विचारलंच नाही.

तेव्हा आजींना न्याल तर रडायला नेऊ नका, बोलायला न्या. आदल्या दिवशी बसून विचारा की तुम्हाला साहेबांना काय सांगायचंय. त्यांचा दिवसाचा रोज बुडतो, तो द्या. आणि परत आल्यावर काय ठरलं ते त्यांच्या घरी जाऊन सांगा.

रानपाखरू:
ताई, तुमचं वाचून मी दोन मिनिटं थांबले. आमच्याकडूनही असं झालंय. पायवाट, अजून एक, मुलीचं नाव, शाळा, फोटो कुठेही बाहेर जाऊ देऊ नका, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, ओळख उघड करता येत नाही. निवेदनाला केसेस जोडताना नुसतं वय आणि तालुका लिहा.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही सहाही जणी बसलो आणि अकरा फायली जमिनीवर पसरून वाचल्या. सात मृत्यूच्या दाखल्यावर अडल्यात, तीन उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख संपली म्हणून, आणि एक आमच्याच चुकीने, फॉर्मवर आणि आधारवर मुलाचं नाव वेगळं पडलंय. म्हणजे आम्ही ज्याला धोरण म्हणत होतो ते खरं तर सात घरांचं आहे, बाकी चार आम्ही पुढच्या आठवड्यात स्वतःच सोडवू शकतो.

त्या सातांपैकी दोघांचीच मिसिंगची नोंद आहे. आजींना विचारलं की तेव्हा पोलिसात का नाही गेलात तर म्हणाल्या, वाटलं येईल दिवाळीला. वकिलांनी सांगितलं की सात वर्षं काहीच खबर नसल्याशिवाय कायदा माणूस मेला असं धरत नाही. चार झालीत, अजून तीन. तोवर मुलगी दहावीला पोचलेली असेल, तिला पैसे आत्ता पाहिजेत. म्हणून मसुद्यात गृहचौकशी अहवालाची ओळ मिसिंगच्या नोंदीच्या आधी टाकतोय.

माहेरवाशीण७, तुमची पैसे उशिरा येण्याची गोष्ट आम्ही पण कॉलममध्ये घेतोय, कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या तारखेला जमा झाले, पासबुकं बघून. जुनी_फाईल काका, मसुदा तयार झाला की इथे टाकते, भाषा बघून द्याल का?

जुनी_फाईल:
टाका. आणि वर विषयाच्या ओळीत "विनंती" असं मोघम लिहू नका, "मार्गदर्शन मिळणेबाबत" लिहा, म्हणजे त्यांना उत्तर द्यावं लागतं. आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याचा नोंदणी नंबर) घेतल्याशिवाय तिथून हलू नका.