निवडून आलेल्यांचा धर्म मोजायचा की नाही? (टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

काठावर पास:
२०२४च्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी १० आमदार मुस्लिम. २०११च्या जनगणनेत राज्यात मुस्लिम ११.५४ टक्के, त्या हिशेबाने ३३ हवेत. लोकसभेत ५४३ पैकी २४ निवडून आले; १९८० साली ४९ होते. असे आकडे आले की ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात: "लोकशाही संपली" नाहीतर "काम बघा, धर्म कशाला बघता". मोजा, जरूर मोजा, पण निकालाच्या दिवशी नव्हे. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद) वाटले जातात त्या दिवशी मोजा. २०२४च्या लोकसभेला राज्यातल्या ४८ जागांवर महाविकास आघाडीने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही, महायुतीनेही नाही. काँग्रेसच्या नसीम खान यांनी त्याच रागात स्टार प्रचारकपद सोडलं. मतदाराने नाकारलं म्हणायला मोठ्या चिन्हाशेजारी नाव तरी दिसायला हवं ना?

खोडरबर:
मोजणार कसं, ते आधी सांगा. उमेदवाराच्या नमुना २६ च्या शपथपत्रात संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं असतं, धर्माचा रकानाच नसतो. म्हणजे या याद्या नावं वाचून बनतात. मुस्लिम नावांपुरतं ते जमतं. महाराष्ट्रात बौद्ध ५.८१ टक्के आहेत, किती आमदार बौद्ध आहेत सांगा बघू. कांबळे आडनावाचा माणूस बौद्ध असेल, हिंदू असेल, ख्रिश्चनही असेल. मग विविधतेच्या नावाखाली तुम्ही एकाच समाजाची शिरगणती करता आणि त्यावर दोन्हीकडचे लोक भांडतात. शिवाय पक्ष तिकीट देतो ते जागा काढायला, प्रमाण जुळवायला नाही.

फेरमोजणी:
"जागा काढायला" हेच तपासू. कागलमध्ये मुस्लिम मतदार अगदी थोडे, तरी हसन मुश्रीफ १९९९ ते २०२४ सलग सहा वेळा निवडून आले. सिल्लोडला अब्दुल सत्तार २००९ पासून चार वेळा, त्यातल्या दोनदा काँग्रेसकडून आणि नंतर शिवसेनेच्या चिन्हावर. यातलं कुणी धर्माच्या गठ्ठ्यावर आलेलं नाही. स्वतःचे कार्यकर्ते, सहकारातलं किंवा स्थानिक संस्थांमधलं बस्तान, आणि ते उभं करायला लागलेली वर्षं, हे त्यामागचं भांडवल. पक्षाने ती वर्षं कुणाला द्यायची हे तिकिटाच्या खूप आधी ठरतं.

उलट बाजूही खरी आहे, कधी मतविभागणीच जिंकून देते. औरंगाबादला २०१९ मध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले, आणि तिथे अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी २ लाख ८३ हजार मतं खाल्ली होती. तीच जागा २०२४ मध्ये गेली.

काठावर पास:
आणि मतविभागणी उलटीही फिरते. २०१४ ला उत्तर प्रदेशात भाजपने ४२.६ टक्के मतांवर ८० पैकी ७१ जागा घेतल्या. बसपला जवळपास २० टक्के मतं पडून एकही नाही. त्या वर्षी तिथून एकही मुस्लिम खासदार आला नाही. रामपूरमध्ये सप, काँग्रेस, बसप तिघांनीही मुस्लिम उमेदवार दिले आणि भाजपचे नेपाल सिंह सुमारे २३ हजारांनी निघून गेले. म्हणजे तिकीट नुसतं देऊन भागत नाही, तिघांनी एकाच ठिकाणी देऊन तर मुळीच नाही.

खोडरबर:
मग धुळ्याचं काय? २०२४ च्या लोकसभेला तिथल्या पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप मिळून १ लाख ९० हजारांच्या आसपास पुढे, आणि एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने ती सगळी आघाडी खाऊन वर ३,८३१ मतांनी निकाल फिरवला. एकगठ्ठा मतदान झालं की समोरची बाजूही एकगठ्ठा होणारच. फडणवीसांचा "व्होट जिहाद" हा शब्द मला पटत नाही, पण आकडा तर खोटा नाही.

फेरमोजणी:
आकडा खरा, अर्थ चुकीचा. त्या मतांवर निवडून आल्या शोभा बच्छाव, म्हणजे हिंदू उमेदवार. "ते फक्त आपल्यालाच मत देतात" हे तिथेच मोडलं. आणि त्याच मालेगाव मध्यमध्ये सहा महिन्यांनी विधानसभेला काय झालं? मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यात फरक १६२ मतांचा! गठ्ठा असता तर असा मधोमध फाटला नसता. सरळ लढत असली की मतं एकवटतात, तशी ती कुठल्याही समाजाची एकवटतात.

तळटीप:
खोडरबर, एक दुरुस्ती. धर्म एका ठिकाणी कायद्याने विचारला जातो: अनुसूचित जातींच्या राखीव जागांवर (राज्यात २९). तिथे हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध, एवढेच पात्र. अनुसूचित जमातींच्या २५ जागांना धर्माची अट नाही. केरळात अनुसूचित जातींसाठी राखीव देवीकुलममधून आलेले आमदार ए. राजा यांची निवड २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने चर्चच्या नोंदवह्या पाहून, ते ख्रिश्चन ठरवून रद्द केली, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली.

आणि कुणी धर्मावर राखीव जागा सुचवण्याआधी: १९४८ च्या संविधानाच्या मसुद्यात त्या होत्या, मे १९४९ मध्ये संविधान सभेने काढल्या. आता अनुच्छेद ३२५ प्रमाणे मतदारयादी एकच. करण्यासारखं आहे ते मतदारसंघ पुनर्रचनेत. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की मुस्लिमबहुल काही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव ठेवल्या गेल्यात, म्हणजे त्या समाजाला तिथून उभंच राहता येत नाही.

खोडरबर:
हा मुद्दा मान्य, कारण तो नकाशावर तपासता येतो. नावं वाचून केलेल्या याद्या मात्र मी अजूनही धरत नाही.

काठावर पास:
नका धरू. पुढच्या वेळी तीन रकाने करू: तिकीट, दुसरा क्रमांक, विजयी. बौद्ध, जैन, ख्रिश्चन उमेदवारांनी स्वतः सांगितलं असेल तरच नोंद. बाकीच्यांपुढे "माहीत नाही".