पेट्रोल, पावत्या आणि ‘जुनी की नवी’: आयकर रिटर्न भरतानाचे तुमचे अनुभव सांगा

धागा उघडणारा (छत्रपती संभाजीनगर, वाळूज)

परवा कॅन्टीनमध्ये एका मित्रानं विचारलं, “सिडकोहून वाळूजला रोज गाडी मारतो. महिन्याला चार हजारांचं पेट्रोल जातं. ते रिटर्नमध्ये कुठं दाखवायचं?” मी पगारपत्रकांचं काम करतो, म्हणून असले प्रश्न माझ्याकडंच येतात. कुठंच नाही, म्हणलं तर बिचाऱ्याचा चहा गार झाला. पगारदाराला घर ते कंपनीचा खर्च वजा करता येत नाही. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम मिळते, २०२४-२५ साठी नव्या करपद्धतीत (दर कमी, वजावटी मोजक्याच) ७५,००० आणि जुन्या पद्धतीत (दर जास्त, वजावटी भरपूर) ५०,०००. पेट्रोल, डबा, इस्त्री सगळं त्यातच आलं असं समजायचं.

२०२५ ला मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली होती. म्हणजे पोळा, गणपती उरकल्यावर मग सगळ्यांना जाग आली. आता लिहा: तुम्ही जुनी पद्धत घेतली की नवी, आणि का? धंद्याचा खर्च कसा दाखवला? कुठं अडकलात? नियमांचं पुस्तक नको, तुमच्यासोबत काय झालं ते सांगा. आकडे दिलेत तर फारच बरं.

अंबाजोगाई, जि. प. शिक्षक

माझे आकडे देतो. २०२४-२५ चा ग्रॉस पगार ९,६०,००० (सरकारचा एनपीएसचा, म्हणजे पेन्शन योजनेचा, वाटा सोडून). कोणती पद्धत हवी हे मी कार्यालयाला कळवलंच नव्हतं. कळवलं नाही की नवीच धरतात. त्यामुळं ७५,००० वजा जाता ८,८५,००० वर सेससह (करावरचा उपकर) ४०,०४० कापले गेले. मीही म्हणलं, नवीन आहे म्हणजे बरीच असेल.

जूनमध्ये सुट्टीत वही घेऊन बसलो. घराचं कर्ज आहे, व्याज दोन लाखांच्या वर जातं पण वजावट दोन लाखांचीच. स्टँडर्ड ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे (विमा, बचत, कर्जाचं मुद्दल यांच्या वजावटीचं कलम) दीड लाख, मेडिक्लेम २०,०००. खाली उरले ५,३७,५००. जुन्या पद्धतीनं कर २०,८००. निम्म्यावर आला, खूश झालो.

मग बायकोनं पगारपत्रक बघून विचारलं, “हे एनपीएसचे शहाऐंशी हजार कुठं गेले?” आमचा एक कारकून सगळं एनपीएस डोळे झाकून ८०सी मध्ये टाकतो. पण माझं ८०सी विमा आणि कर्जाच्या मुद्दलानंच भरून सांडत होतं, म्हणजे ते शहाऐंशी हजार वायाच चालले होते. त्यातले ५०,००० वेगळ्या कलमात, ८०सीसीडी(१बी) मध्ये दाखवता येतात. दाखवले. उत्पन्न आलं ४,८७,५००. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत रिबेट (करमाफी) असल्यानं कर शून्य, आणि कापलेले ४०,०४० सगळे परत मागितले.

२००५ नंतर लागलेल्या शिक्षकांनी आपापलं पगारपत्रक एकदा उघडून बघाच. आणि हो, घरकर्ज नसतं तर मलाही नवीच पद्धत परवडली असती. शेजारच्या शाळेतल्या मॅडमना कर्ज नाही, विमाही मोजकाच. त्यांनी नवीच ठेवली ते बरोबर केलं.

सेलू, शिक्षिका

सर, आम्ही चार्ट, रंगीत कागद, बक्षिसाच्या पेन्सिली पदरच्या पैशानं आणतो. त्याचं काही होतं का?

अंबाजोगाई, जि. प. शिक्षक

नाही ताई. मीही दरवर्षी आणतो. ते पुण्यात जमा.

नांदेड, एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी)

पगारदारांचं काहीच होत नाही असं नाही, थोडी फट आहे. मी देगलूर, किनवट, भोकर फिरतो. घरून ऑफिसला जाणं वेगळं आणि कंपनीच्या कामासाठी फिरणं वेगळं. कामाच्या फिरतीसाठी दिलेला भत्ता, खरंच खर्च झाला तेवढा, करमुक्त असतो आणि तो नव्या पद्धतीतही टिकतो. आधीची कंपनी दरमहा ठरावीक रक्कम ‘कन्व्हेयन्स’ म्हणून पगारातच मिसळायची, हिशेब विचारायची नाही. फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) सगळं करपात्र. आताच्या कंपनीत टूर रिपोर्ट आणि बिलं द्यावी लागतात, कटकट आहे, पण ती रक्कम पगारात धरत नाहीत. नोकरी बदलताना आम्ही आकडा बघतो, तो कोणत्या नावानं मिळतो ते बघत नाही.

उदगीर, विमा एजंट

मी सात वर्षं पॉलिसी करते. रिटर्न एका कॉम्प्युटर सेंटरवाल्याकडून भरून घ्यायचे, दोनशे रुपयांत. तो आयटीआर-४ (अंदाजानं नफा दाखवायचा फॉर्म) भरायचा, कमिशनच्या सहा टक्के नफा दाखवून. २०२३-२४ ला कमिशन होतं ३,४०,०००, त्यावर पाच टक्क्यांनी १७,००० टीडीएस (आधीच कापलेला कर). नफा दाखवला वीस हजार चारशे! सहा टक्क्यांत कुणाचं घर चालतं, हा प्रश्न त्यालाही पडला नाही, मलाही नाही.

मग नोटीस आली, रिटर्न सदोष आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा. दोन रात्री झोप नाही. लातूरच्या एका सीए मॅडमनी समजावलं की कमिशनच्या उत्पन्नाला ती अंदाजाची सवलत लागूच होत नाही. आयटीआर-३ भरायचा आणि खरा खर्च दाखवायचा. बसून काढलं: स्कूटीचं पेट्रोल आणि सर्व्हिसिंग ५२,०००, त्यातला पाऊण भाग धंद्याचा म्हणजे ३९,०००. मोबाईल-नेट ९,०००. ग्राहकांना डायऱ्या, कॅलेंडरं १८,०००. हप्ते गोळा करायला पोरगा ठेवलाय, महिन्याला अडीच हजार, वर्षाचे ३०,०००. एकूण ९६,०००. उत्पन्न उरलं २,४४,०००, म्हणजे करपात्र मर्यादेच्या खाली. रिफंड तेवढाच मिळाला, १७,०००. खोटं दाखवून जे मिळत होतं, तेच खरं दाखवूनही मिळालं.

पंपावरच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, पण उन्हाळ्यात डिकीत राहून कोऱ्या झाल्या. आता लगेच फोटो काढते.

लातूर, मार्केट यार्ड

ताईंनी लिहिलं ते आम्हा आडत्यांनाही लागू आहे. आडत म्हणजे कमिशनच. सोयाबीनची उलाढाल कोटींत दिसते पण ती शेतकऱ्याची. आपली फक्त आडत. आमच्या मुनीमजींनी वहीत दोन्ही वेगळं ठेवलं म्हणून निभावलं.

हिंगोली, दंतवैद्य

माझी उलटी गोष्ट. मी खरा खर्च दाखवायला निघालो होतो आणि अंदाजाचीच पद्धत भारी पडली. डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशांना जमा रकमेच्या निम्मा नफा धरायची सोय आहे, ५० लाखांपर्यंत, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. माझी वर्षाची जमा २२ लाख. म्हणजे नफा ११ लाख.

पण मी सहा लाखांचं एक्स-रे मशिन घेतलं होतं. वाटलं, सहा लाख थेट खर्चात. सीए हसले. मशिनचा खर्च धरत नाहीत, घसारा (वापरानं होणारी झीज) धरतात, वर्षाला १५ टक्के. तेही मशिन १८० दिवस वापरात असेल तर, नाहीतर निम्मा. मी मुहूर्त बघून दसऱ्याला घेतलेलं, १२ ऑक्टोबर २०२४. मार्चअखेर दिवस भरले १७१! म्हणजे घसारा ४५,०००.

मग यादी केली. जागेचं भाडं ३ लाख, दोघांचा पगार ४.२०, साहित्य आणि लॅब २.२०, वीज वगैरे ०.६०, घसारा ०.४५. बेरीज १०.४५ लाख. अंदाजात तर ११ लाख खर्च न मागता मिळत होता. मशिन गणपतीत घेतलं असतं तरी बेरीज १०.९० च झाली असती, त्यामुळं दसऱ्याचं वाईट वाटून घेणं सोडलं. शिवाय निम्म्याहून कमी नफा दाखवला असता तर वह्या आणि ऑडिट मागं लागलं असतं, त्याची फी वेगळी.

परभणी, घरून सॉफ्टवेअरचं काम

डॉक्टरसाहेबांसारखंच मीही निम्मा नफा दाखवते. फक्त एक सांगते, मग लॅपटॉप, इन्व्हर्टर, नेट वेगळं मागता येत नाही, सगळं त्या निम्म्यात. आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा. पहिल्या वर्षी टीडीएस कापलाय म्हणून गप्प बसले आणि व्याज भरलं.

अंबड, महाविद्यालयात लिपिक, घरची मोसंबी

आमचं निराळंच. पगार ५.८० लाख आणि बागेचे खर्च जाऊन २.४० लाख. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून मी ते लिहीतच नव्हतो, साधा आयटीआर-१ भरायचो. तर त्या फॉर्मात शेतीचं उत्पन्न फक्त ५,००० पर्यंत चालतं. आता आयटीआर-२ भरायलोय. शेतीचं उत्पन्न कराचा दर काढायला पगारात मिळवतात. रिबेटमुळं कर शेवटी शून्यच आला, पण फॉर्म बरोबर पाहिजे. फवारणी, मजुरी, ठिबकची दुरुस्ती यांचा हिशेब वहीत ठेवायलोय.

म्हशीचं दूध मात्र शेतीत धरू नका, सीएनं बजावलं. मला वाटलं, गोठा शेतातच आहे की!

बीड, खासगी बँकेत

माझी चूक साधी आहे. २०२४ ला मुदत ३१ जुलै होती. सगळे म्हणायचे वाढेल. वाढली नाही. ऑगस्टात भरायला बसलो तर जुनी पद्धत निवडताच येईना. उशिराचं रिटर्न नव्याच पद्धतीनं जातं. घरभाडं, कर्ज, सगळ्या वजावटी हातात धरून बसलो. वर पाच हजार विलंब शुल्क. २०२५ ला जूनमध्येच भरून मोकळा झालो, मुदत वाढली तरी.

सेलू, शिक्षिका

सर, परत विचारते. माझ्या फॉर्म १६ मध्ये तो एनपीएसच्या ८०सीसीडी(१बी) चा रकाना रिकामाच आहे. तरी रिटर्नमध्ये दाखवता येतं का?

अंबाजोगाई, जि. प. शिक्षक

येतं. माझाही रिकामाच होता. फक्त शालार्थमधून (शिक्षकांच्या पगाराची सरकारी वेबसाइट) बाराही महिन्यांची पगारपत्रकं आणि एनपीएसचं वर्षाचं स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा. विचारणा झालीच तर ते लागेल. आणि ई-व्हेरिफाय (भरलेल्या रिटर्नची ऑनलाइन खात्री) ३० दिवसांत करा, उशीर झाला तर ज्या दिवशी कराल तीच भरल्याची तारीख धरतात, केलंच नाही तर भरलेलंच धरत नाहीत. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, माझा जुना नंबर मुलाकडं पुण्यात होता. वर्ग चालू असताना त्याला तीनदा फोन केला.