कोर्तेसला देव मानलं म्हणे! कोणी, कधी, कुठल्या भाषेत?

खारीक

परवा एकाने ठणकावून लिहिलं: "अ‍ॅझ्टेकांना कोर्तेस म्हणजे परत आलेला देव केत्सालकोआत्ल वाटला, म्हणून पाचशे माणसांपुढे अख्खं साम्राज्य लोळलं. हे माझं मत नाही, डोळ्यांनी पाहणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय." खाली अंगठ्यांची रांग. ते शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून हा धागा.

पाहणाऱ्यांपैकी सगळ्यात आधी लिहिणारा खुद्द कोर्तेस, मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी. अ‍ॅझ्टेक राजा मोक्तेसुमाशी भेट ८ नोव्हेंबर १५१९ची, स्पेनच्या सम्राटाला लिहिलेलं दुसरं पत्र ३० ऑक्टोबर १५२०चं. त्यात केत्सालकोआत्ल हे नाव एकदाही येत नाही. येतो तो एक निनावी धनी. त्याने मोक्तेसुमाच्या पूर्वजांना या मुलखात आणलं, मग तो निघून गेला आणि त्याचे वंशज येणार होते. पुढे मोक्तेसुमा अंगावरचं वस्त्र बाजूला करतो: मी स्वतःला देव म्हणवतो असं तुमच्या कानावर घातलं असेल, पण बघा, मीही हाडामांसाचाच. म्हणजे त्या दिवशी देवपणाचा विषय निघाला तो यजमानाच्या, आणि तोही झटकून टाकायला! कोर्तेसचा शिपाई बेर्नाल दियास हेच सांगतो. त्याचा मोक्तेसुमा तर हे हसत हसत बोलतो, आणि तुमच्या मेघगर्जना नि विजांच्या गोष्टीही मी थट्टेवारीच नेल्या, अशी पुस्ती जोडतो.

आता पत्र लिहिताना कोर्तेस कुठे होता? तेनोचतित्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीतून ३० जून १५२०च्या रात्री मार खाऊन पळाल्याला चार महिने झाले होते. क्युबाचा गव्हर्नर वेलास्केसचा हुकूम मोडून आलेला माणूस, हातातलं शहरही गेलेलं. मोक्तेसुमाने राज्य आपणहून सोपवलं होतं, असं दाखवलं की शहरातला उठाव ही फितुरी ठरते आणि पुढची लढाई कायदेशीर होते. हा सरकारदरबारी केलेला अर्ज आहे, त्याला रोजनिशी समजू नका.

आडवा फणस

सोयीचं तेवढं उचललंत. साहागुन या स्पॅनिश पाद्र्याच्या ग्रंथाच्या बाराव्या खंडात नाहुआत्ल, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची भाषा, बोलणाऱ्यांनीच सांगितलंय की मोक्तेसुमाने किनाऱ्यावर देवांचा पोशाख पाठवला. नीलमण्यांच्या कामाचा सर्पमुखवटा, क्वेत्साल पिसांचा शिरपेच. दूतांनी तो कोर्तेसच्या अंगावर चढवला. पाहुण्याला कोणी देवाचे कपडे घालतं का? शिवाय बेर्नालच्या पानापानांवर स्पॅनिशांना 'तेउलेस' म्हटलंय. म्हणजे देव.

खारीक

पोशाख एक नव्हता, चार होते! पहिला केत्सालकोआत्लचा, दुसरा तेस्कात्लिपोकाचा, तिसरा त्लालोकचा, चौथा पुन्हा केत्सालकोआत्लचा. कोण आलंय हे ठाऊक असतं तर तीन देवांची कपाटं कशाला उघडली असती? आणि पोशाख चढवल्यावर त्या 'देवा'ने काय केलं तेही त्याच खंडात आहे: दूतांना बेड्या घातल्या आणि तोफ डागली. दूत बेशुद्ध पडले, मग त्यांना दारू पाजून शुद्धीवर आणलं.

'तेउलेस'चा अर्थ बेर्नाल स्वतःच देतो: त्यांचे देव किंवा वाईट गोष्टी. मूळ शब्द तेओत्ल. बाराव्या खंडात स्पॅनिशांबरोबरच्या काळ्या माणसांनाही 'मळके तेओत्ल' म्हटलंय. अचाट, परकं, भीती वाटावी असं काहीही त्या शब्दात मावतं. आपल्याकडे 'भुतासारखा काम करतो' म्हटलं की मांत्रिक बोलावतात का?

नाममात्र

मुख्य घोळ दुभाष्यांचा आहे. कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोलणार, १५११मध्ये जहाज फुटून युकातानात अडकलेला हेरोनिमो दे आगिलार ते माया भाषेत सांगणार, मालिन्त्सिन ही स्थानिक बाई मायातून नाहुआत्लमध्ये. उत्तर उलट्या वाटेने. त्यात दरबारी नाहुआत्लची रीत अशी की मोठा माणूस जितका मोठा, तितका शब्दांनी वाकतो. बाराव्या खंडातलं स्वागत वाचा: दमून आलात, आपल्या नगरीत पोचलात, आपल्या चटईवर, आपल्या आसनावर बसायला आलात, मी ते थोडे दिवस राखून ठेवलं होतं. चटई आणि आसन म्हणजे गादी. आता हे तीन भाषांतून गाळून घ्या. यजमान म्हणाला 'घर आपलंच समजा', पाहुण्याने सातबाऱ्यावर नाव चढवलं.

आडवा फणस

वा! म्हणजे तुम्हाला नको ते दुभाष्याच्या माथी आणि हवं ते 'खंड बारा'. तो खंड तरी कधीचा? पहिला मसुदा १५५५च्या सुमाराचा, आणि सांगणारे त्लातेलोल्कोचे. त्यांना शेजारच्या तेनोचतित्लानवर पराभवाचं खापर फोडायचंच होतं, म्हणून मोक्तेसुमा पानोपानी थरथरतो. तोही टाका मग.

आणि खरं दुखणं सांगतो. सभासद अफझलखानाच्या वधानंतर ३८ वर्षांनी, १६९७ला जिंजीत लिहितो, तर 'बखर ती बखर' म्हणून नाकं मुरडता. बेर्नाल १५६८च्या आसपास, म्हणजे ४९ वर्षांनी हातावेगळं करतो, तर तो 'प्रत्यक्षदर्शी'. गोऱ्याची बखर ती साक्ष?

खारीक

बखरींचा धागा वेगळा काढा, तिथे भांडू. बेर्नालला मी तरी कुठे डोक्यावर घेतलंय? ३० जूनच्या त्या पळापळीत कोर्तेस १५० स्पॅनिश गेले म्हणतो, बेर्नाल पाच दिवसांत ८६०हून जास्त. एकाला नुकसान लपवायचं होतं, दुसऱ्याला जुन्या शिपायांचं रक्त मोजून दाखवायचं होतं. पण तळ्यातून शहरात जाणाऱ्या इस्तापालापाच्या बांधाची रुंदी बघा. कोर्तेस म्हणतो दोन भाल्यांएवढी, आठ घोडेस्वार शेजारी शेजारी जातील. बेर्नाल म्हणतो आठ पावलं. आठ पावलांत आठ घोडे दाटीवाटीनेच जातील, पण दोघे एकाच रस्त्याबद्दल बोलतायत हे कळतं. जिथे खोटं बोलून कोणाचाच फायदा नाही, तिथे साक्ष टिकते.

टोकदार

फायदा नसतानाही फेकतात. कोर्तेसचाच माणूस आंद्रेस दे तापिया याची कवट्यांची भिंत घ्या, खांबांमधल्या दांड्यांवर बळींच्या कवट्या ओवलेली. १,३६,००० कवट्या 'मोजल्या' म्हणे!

आडवा फणस

त्याच तापियाला लोक थापाड्या म्हणत होते. २०१५पासून मेक्सिको सिटीत कॅथीड्रलच्या मागे खणलं, तर कवट्या आणि चुन्याचा गोल बुरूज निघाला, जवळपास ५ मीटर व्यासाचा. २०२०पर्यंत ६०३ कवट्या मोजल्या, त्यांत बायका आणि मुलंही. तापियाने दोन्ही टोकांना असे बुरूज लिहिलेच होते. झालं समाधान?

टोकदार

बुरुजाचं झालं, आकड्याचं नाही. त्याने कवट्या मोजल्याच नाहीत. तो आणि गोन्सालो दे उंब्रिया यांनी दांडे मोजले आणि पाचाने गुणलं. १,३६,००० भागिले ५, म्हणजे २७,२०० दांडे. खांब तोच सांगतो, ६० किंवा ७०, एकमेकांपासून एका वाराहून थोडे कमी, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर. त्यात कानशिलातून ओवलेल्या पाच कवट्या बसतात, एकेकीला १६ सेंटिमीटर. इथवर माणूस चोख आहे. पण ७० खांबांमध्ये गाळे ६९. गाळ्यामागे ३९४ दांडे. दोन दांड्यांत २० सेंटिमीटर धरले तर उंची जवळपास ७९ मीटर! पाच मीटर उंचीत २५ दांडे मावतात. ६९ × २५ × ५ म्हणजे साडेआठ हजारांच्या आसपास. हेही काही कमी भयंकर नाही.

आडवा फणस

एकच रांग कोणी सांगितली? खणलेला चौथरा सुमारे ३५ मीटर लांब आणि १२ ते १४ मीटर रुंद. ८० सेंटिमीटरने ४२-४३ गाळे होतात. एकामागे एक २६ रांगा लावा, अर्ध्या मीटरवर एक. बसला तुमचा आकडा. गुणाकार आम्हालाही येतो.

टोकदार

बसला खरा. आता सांगा, अर्ध्या मीटरच्या फटीत, दोन्हीकडून दात बाहेर आलेल्या कवट्यांमधून आत शिरून मधल्या २४ रांगांचे दांडे त्या दोघांनी मोजले कसे? बाहेरची रांग मोजून रांगांनी गुणलं असेल तर तो दुसरा गुणाकार झाला, आणि त्याबद्दल तापिया गप्प आहे.

नाममात्र

धागा देवाचा होता. आता कवट्या ओवतोय.

आडवा फणस

ओवू द्या, निदान इथे कोणी तरी काही मोजतंय. टोकदारांच्या फटीला माझ्याकडे उत्तर नाही, चला. कोर्तेसच्या पत्रात केत्सालकोआत्ल नाही हेही दिलं, मोठ्या मनाने. पण चार पोशाखांत दोन त्याचेच होते आणि अंगावर चढला तोही त्याचाच, हे खारीक यांनी गिळलं. तेवढं लिहा, मग अंगठेवाल्यांकडे जा.

खारीक

लिहिलं: दोन त्याचे, चढवलेलाही त्याचा. सांगणारे त्लातेलोल्कोचे, ३५ वर्षांनंतर. हेही सोबत नेतो.