टी२५ कॅम्पर: कूलंटचे पाइप गंजलेत, जोड मारू की सगळेच बदलू?

रिकामटेकडा
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात राहतो. गेल्या वर्षी हौसेने १९८४ची फोक्सवॅगन टी२५ कॅम्पर व्हॅन घेतली. वॉटरबॉक्सर म्हणजे पाण्याने थंड होणारं आडवं इंजिन, १.९ लिटर. चाळिशी उलटलेल्या गाडीला इथे एमओटी, म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणी, माफ, त्यामुळे खाली वाकून बघायचं कुणी बजावलंही नाही. परवा दारात कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, निळसर ओला डाग दिसला. गाडी वर चढवून अंडरसील (पोटाखालचा गंजरोधक थर) स्क्रूड्रायव्हरने टोकरलं, तर पाइपाचा पापुद्राच हातात आला. एक भोक गाडीच्या मधोमध आहे, दुसरं मागे रबरी होज चढते त्या टोकाला. जवळच्या गॅरेजवाल्याने बघून नुसती मान हलवली. जुलैत पोरांना घेऊन स्कॉटलंडला जायचंय. तोवर तात्पुरतं काही करता येईल का?

सातारी_पाना
एम-सील थापा, वर सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळा. आमच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर असाच दोन हंगाम चाललाय.

पोटाखालचा
सातारीभाऊ, ट्रॅक्टरचा रेडिएटर डोळ्यांसमोर असतो, वाफ निघाली की आपण थांबतो. या गाडीचा रेडिएटर पुढे, इंजिन पार मागे, आणि दोघांना जोडणारे दोन लांब पाइप पोटाखालून. गळती लागली तर मागचा गाडीवाला आधी बघतो, आपल्याला कळतं तेव्हा काटा लाल. इंजिनाची हेडं अ‍ॅल्युमिनियमची. एकदा तापली की पाइपाचा खर्च चिल्लर वाटायला लागतो. लुकण तापलेल्या, दाबाखालच्या, गंजक्या पत्र्याला धरत नाही.

रिकामटेकडा, मधल्या भोकासाठी जोड मारता येतो. कुजलेला तुकडा कापायचा, चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं, तिथे कूलंटची होज सरकवून दोन्हीकडे क्लिपा आवळायच्या. पण तुमचा पाइप बाहेरून खाल्लाय. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ अंडरसीलच्या आत शिरून बसतं. आज जोड माराल, पुढचं भोक वीतभर अंतरावर तयारच असेल. माझं मत विचाराल तर स्टेनलेसचा पूर्ण संच घ्या. या गाडीसाठी तो तयार मिळतो.

रिकामटेकडा
भंगारात नंतरच्या मॉडेलचे प्लास्टिकचे पाइप मिळतायत, स्वस्तात. ते चालतील? की गंजलेल्या भागावर वेल्डिंग करून घेऊ?

पोटाखालचा
जुने प्लास्टिकचे नकोत. त्यांच्या टोकांत लोखंडी नळी बसवलेली असते. ती गंजून फुगते आणि प्लास्टिक चिरतं. म्हणजे रोग तोच, फक्त आत दडलेला.

वेल्डिंग गाडीवर तर अजिबात नको. पेट्रोलची टाकी पुढे, खालीच आहे. शिवाय असा कुजका पत्रा वेल्डिंगने भरत नाही, भोक मोठं होत जातं.

लेथवाली
सायलेन्सर बनवणाऱ्याकडून स्टेनलेसचे पाइप वाकवून घेता येतात. फक्त टोकाला उभार काढून घ्या, नाहीतर गरम झाल्यावर होज सटकते. आणि जिथे पाइप क्लॅम्पने चॅसीला धरलाय तिथे मध्ये रबर घाला. घासणंही थांबतं, स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना चिकटून लोखंड लवकर कुजणंही टळतं. होजा जुन्या असतील तर त्याच वेळी बदला, परत खाली झोपायला कोण जातंय!

पोटाखालचा
लेथवालीताईंशी सहमत. इंजिनाला लागून असलेले लोखंडी पाइपही टोकरून बघा, त्यांना सगळे विसरतात.

आता खरी डोकेदुखी, हवा काढणं. सोळा-सतरा लिटर कूलंट लागतं, मध्ये हवा अडकली की गाडी तापते आणि माणूस नव्या पाइपांना शिव्या देतो. गाडीचं नाक चांगलं वर करा. पुढचा हीटर आणि मागच्या सीटखालचा हीटर, दोन्ही उघडे ठेवा. नंबरप्लेटमागची बाटली फक्त वरखर्चाची, तिच्यात ओतत बसू नका. खरी टाकी इंजिनाच्या कप्प्यात, प्रेशरचं झाकण असलेली. इंजिन साधारण दोन हजार आरपीएमवर धरून तिच्यात ओतत राहा. दुसऱ्या माणसाने पुढे ग्रिलमागे रेडिएटरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा. आधी फुसफुस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू बंद. थोडं चालवून, इंजिन थंड झाल्यावर पुन्हा एकदा. कूलंट फॉस्फेट नसलेलंच घ्या, या इंजिनाच्या हेडांना फॉस्फेट मानवत नाही.

सातारी_पाना
जुनं कूलंट गटारात ओतू नका. आणि परात उघडी ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. हे तरी माझं ऐका.

रिकामटेकडा
ऐकलं! स्टेनलेसचा संच मागवला, होजांसकट. जुना पाइप काढताना पुढच्या टोकाचा क्लॅम्प बोल्टासकट तुटला, तो आता ड्रिलने काढतोय. मागच्या सीटखालच्या हीटरचा कॉक (कूलंट सोडणारी झडप) मात्र जाम आहे, दोन दिवस तेल सोडतोय, हलत नाही. तो तसाच ठेवून हवा काढली तर चालेल का?

पोटाखालचा
नाही. सीट काढा, कॉक बदला.